वाकलेल्या किरणाची साक्ष

बोरीवली पश्चिमेला गोराईच्या जेट्टीवर या, बोटीने खाडी ओलांडा आणि पलीकडे रिक्षा करून समुद्रापर्यंत जा. हे मनन गच्चीवर किंवा खिडकीशी बसूनही होईल, पण त्याला पश्चिमेचं मोकळं क्षितिज लागतं आणि बोरीवलीकरांना ते गोराईच्या किनाऱ्यावर मिळतं. माघ-फाल्गुनातली संध्याकाळ धरा, आकाश निरभ्र असतं. वाळूवर बसा, पाठ ताठ पण अवघडलेली नको. फोन पिशवीत ठेवा. तोही या मननाचा भाग आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

आधी श्वासाकडे लक्ष द्या. तो आहे तसा चालू द्या. आत येणाऱ्या हवेत पाणी आहे, हे फक्त लक्षात घ्या. मे महिन्यात याच किनाऱ्यावर बसलात तर एक घनमीटर हवेत वीस ग्रॅमहून जास्त बाष्प असतं. दिसत नाही, पण कातडीला कळतं. शर्ट पाठीला चिकटतो तो याच पाण्यामुळे. आता मन सरळ वर न्या. डोंबिवलीपर्यंत रस्त्याने जेवढं अंतर होईल त्याच्या निम्म्याहूनही कमी, साधारण सोळा-सतरा किलोमीटर वर, उणे ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास थंडी आहे आणि बाष्प नावापुरतं उरलेलं आहे. आपण ज्या हवेच्या तळाशी बसलो आहोत ती वर इतकी वेगळी आहे, आणि तरी एकच आहे. या विचाराशी थोडा वेळ थांबा.

सूर्याकडे रोखून पाहू नका. तो लाल, मऊ होऊन पाण्याजवळ येईपर्यंत लाटांकडे पाहत राहा. खालची कड क्षितिजाला टेकली की मनात एवढंच धरा: तो अख्खा सूर्य या क्षणी क्षितिजाखाली गेलेला आहे.

हे गणिताने पक्कं आहे. क्षितिजालगत येणाऱ्या किरणाला हवा अर्ध्या अंशाहून किंचित जास्त वाकवते, आणि सूर्यबिंबाची रुंदीही जवळपास अर्धाच अंश. हवा नसती तर समोर नुसतं पाणी आणि मोकळं आकाश दिसलं असतं. आपण पाहतो आहोत तो प्रकाश हवेच्या थरांमधून वळण घेऊन आलेला आहे. खालची हवा दाट, वरची विरळ. किरण दाट बाजूकडे झुकतो. किती झुकला यात वाटेतल्या हवेची सगळी हकीकत असते. बिंब पाण्याखाली जायला दोन-सव्वादोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ फक्त हाच विचार मनात राहू द्या, की हवा न दिसताही समोर तिचं काम दिसतं आहे.

मला या शास्त्राची ओढ लागली ती इथूनच. एखाद्या वस्तूला हात न लावता, तिच्यातून गेलेल्या किरणाकडे बघून ती वस्तू ओळखायची. आणि मग त्याहून अवघड काम, आपण ओळखलं ते बरोबर होतं का, हे तपासायचं.

सूर्य गेला. आता डोळे मिटा आणि मनातल्या मनात दोन अदलाबदली करा. सूर्याच्या जागी जीपीएसचा एक उपग्रह ठेवा. तो वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून सतत लहरी पाठवत असतो. तुमच्या पिशवीतला फोन याच लहरींवरून तुम्ही गोराईला आहात हे ओळखतो. मुख्य लहरीची लांबी एकोणीस सेंटीमीटर, म्हणजे जवळपास एक वीत. आणि तुमच्या डोळ्याच्या जागी दुसरा एक उपग्रह ठेवा, पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर, वेगाने फिरणारा. त्याच्या दृष्टीने जीपीएसचा उपग्रह पृथ्वीआड जातो, तेव्हा त्याची लहर हवेच्या वरच्या थरातून, मग खालच्या, मग त्याहून खालच्या थरातून येते. दीड-दोन मिनिटांत वरपासून तळापर्यंत हवा चाचपली जाते. तुमच्यापर्यंत पोहोचणारा सूर्यकिरण हवेत फक्त शिरतो. उपग्रहाकडे जाणारी लहर शिरते आणि बाहेरही पडते. म्हणून तिचं वळण दुप्पट, जमिनीलगत एक अंशाच्या घरात.

याला रेडिओ पिधान म्हणतात. चंद्र एखाद्या ताऱ्याला झाकतो त्या पिधानाची वाट पाहत जागलेले आकाशनिरीक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना ही कल्पना लगेच जवळची वाटेल. १९६५ च्या जुलैत मरिनर ४ हे यान मंगळाआड गेलं, तेव्हा त्याच्या लहरीत पडलेल्या फरकावरून मंगळाची हवा किती विरळ आहे ते पहिल्यांदा नीट कळलं. पृथ्वीवर हा प्रयोग जीपीएसच्या लहरींनी १९९५ मध्ये झाला. परग्रहासाठी काढलेली युक्ती तीस वर्षांनी घरी परत आली.

भारताने २३ सप्टेंबर २००९ ला श्रीहरिकोट्याहून ओशनसॅट-२ सोडला. समुद्राचा रंग आणि समुद्रावरचा वारा मोजणं हे त्याचं मुख्य काम, पण त्याच्यावर इटलीच्या अंतराळ संस्थेने दिलेलं एक उपकरण होतं, रोसा. जीपीएसच्या लहरी ऐकायच्या आणि त्यावरून हवेचा छेद काढायचा, एवढंच त्याचं काम. असंच दुसरं रोसा १२ ऑक्टोबर २०११ ला मेघा ट्रॉपिक्सवर गेलं, भारत आणि फ्रान्सच्या एकत्रित मोहिमेत. आता हे जरा जवळून पाहा. मेघा ट्रॉपिक्सची कक्षा विषुववृत्ताशी वीस अंशांचा कोन करून होती, उंची ८६७ किलोमीटर. म्हणजे तो विसाव्या अक्षांशाच्या उत्तरेला कधीच जात नसे. बोरीवली आहे एकोणीस अंश आणि थोड्या कलांवर. डहाणूच्या रेषेपर्यंत यायचा आणि पुन्हा दक्षिणेकडे वळायचा. वळणाऱ्या उपग्रहाचा वेळ वळणापाशीच जास्त जातो, त्यामुळे ज्या अक्षांशांवर तो अधिक रेंगाळत असे त्यांतच आपली मुंबई होती. ७ मार्च २०२३ ला इस्रोने त्याला ठरवून प्रशांत महासागरावर वातावरणात उतरवलं.

आता मन उपकरणात न्या. त्याला नेमकं काय कळतं? तापमान कळत नाही. दमटपणा कळत नाही. वळणसुद्धा थेट कळत नाही. त्याला कळतो फक्त वेळ: लहर किती उशिरा आली. उंचावर हा उशीर अगदी थोडा, खाली उतरता उतरता तो एवढा वाढतो की लहरीची वाट एक किलोमीटरहून लांबल्यासारखी होते. उशीर ज्या वेगाने वाढला त्यावरून वळण निघतं. वळणावरून हवेचा अपवर्तनांक. अपवर्तनांकावरून घनता, घनतेवरून दाब, दाबावरून तापमान.

या प्रत्येक पायरीवर एकेक श्वास थांबा, कारण प्रत्येक पायरीला आपण काहीतरी गृहीत धरलेलं आहे. वळणावरून अपवर्तनांक काढताना धरतो की आजूबाजूला शेकडो किलोमीटर हवा गोलाकार, एकसारख्या थरांची आहे. हवेच्याही वर विद्युतभारित कणांचा आयनांबराचा थर आहे, तोही लहर वाकवतो. जीपीएस दोन वेगळ्या लांबीच्या लहरी पाठवतं म्हणून त्यांच्या फरकातून तो भाग बाजूला काढता येतो, बहुतांशी. आणि शेवटच्या पायरीला धरतो की हवा कोरडी आहे. आठ-दहा किलोमीटरच्या वर ते चालतं. खाली चालत नाही. खाली वळणाला तापमानही कारण, बाष्पही कारण. समीकरण एक आणि अज्ञातं दोन. तिथे दुसरीकडून मदत घ्यावी लागते.

तरीही या पद्धतीत एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे मी नम्र होतो. बाकीची उपकरणं जुनी होतात, त्यांच्या काचा मळतात, संवेदक मंदावतात, आणि दहा वर्षांपूर्वीचं मोजमाप आजच्याशी जुळवताना माणसं थकतात. इथे मूळ मोजमाप वेळेचं आहे आणि वेळ अणुघड्याळ देतं. २००६ च्या एप्रिलमध्ये तैवान आणि अमेरिकेने कॉस्मिकचे सहा उपग्रह एकत्र सोडले. सुरुवातीला ते एकमेकांच्या अगदी जवळून उडत होते. दोन उपग्रहांनी जवळपास एकाच हवेचा छेद घेतला, तेव्हा दहा ते वीस किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात दोघांच्या अपवर्तनांकातला फरक शेकडा ०.२ पेक्षाही कमी निघाला. दोन साक्षीदार, एकच घटना, आणि जबान्या तंतोतंत.

पण दोन साक्षीदारांचं जुळलं म्हणून दोघे खरं बोलतात असं ठरत नाही. एकाच शाळेत शिकलेले दोघे एकच चूक करू शकतात. म्हणून तिसऱ्या, वेगळ्या जातीच्या साक्षीदाराकडे जायचं. तो बोरीवलीपासून लोकलने अर्ध्या तासावर आहे.

सांताक्रूझला भारतीय हवामान विभागाची वेधशाळा आहे. हवामानाच्या जागतिक यादीत तिचा क्रमांक ४३००३. तिथून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हायड्रोजनचा फुगा वर जातो. त्याला टांगलेली छोटी पेटी, रेडिओसाँड, दाब, तापमान, दमटपणा आणि जागा सांगत जाते. मिनिटाला तीनशे मीटरच्या आसपास चढत तो दीड-दोन तासांत तीस किलोमीटरच्या जवळ फुटतो. याने हवेला प्रत्यक्ष स्पर्श केलेला असतो.

त्याच्याबरोबर वर चला. जुलैचा महिना धरा. सुटल्याबरोबर नैऋत्येचा वारा त्याला घाटकोपर-मुलुंडच्या दिशेने लोटतो. ढगात शिरतो, पेटी भिजते. ढगाबाहेर आला तरी ओलसर संवेदक काही वेळ ढगातलंच सांगत राहतो. सात-आठ किलोमीटरनंतर वाऱ्याची दिशा बदलते, आणि चौदा ते सोळा किलोमीटरवर पावसाळ्यातला पूर्वेचा जोरदार झोत त्याला गाठतो आणि उलट समुद्राकडे नेतो. वर कडाक्याच्या थंडीत दमटपणाचा संवेदक जवळजवळ गोठल्यासारखा मंद होतो. दिवसा उन्हाने पेटी तापते आणि हवेपेक्षा जास्त तापमान दाखवते. म्हणजे ज्याला आपण न्यायाधीश म्हणून बसवला त्याच्याही जबानीत दोष आहेत. उंचीवर तर कित्येकदा पिधानावरून फुग्याच्याच चुका सापडल्या. तपासणारा आणि तपासला जाणारा यांच्या जागा उंचीनुसार बदलतात, हे मला या साऱ्या विषयातलं सर्वांत विचार करण्याजोगं वाटतं.

आता नकाशा मनात आणा. फुगा रोज दोनदा, एकाच जागेहून. उपग्रहाचे छेद कुठेही, केव्हाही. दोघांची गाठ क्वचित पडते. म्हणून शास्त्रज्ञ सवलत घेतात: तीनशे किलोमीटर आणि दोन-तीन तासांच्या आत आले तर तुलना करायची. सांताक्रूझभोवती हे वर्तुळ काढून पाहा. त्यात सुरत येतं, नाशिक येतं, पुणं येतं, छत्रपती संभाजीनगर येतं, आणि अर्धं वर्तुळ अरबी समुद्रात जातं. सह्याद्रीची भिंत मधोमध. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि तिथून थोड्याच अंतरावर, वाईच्या पुढे, दुष्काळी माण-खटावची माती. हे सगळं या वर्तुळात ‘एक ठिकाण’ मानलं जातं.

रागावू नका, थांबा. इथेच मन सावकाश चालवायचं आहे. पंधरा किलोमीटर उंचीवर जाऊन याच वर्तुळाकडे पाहा. उष्ण कटिबंधात त्या उंचीवर सुरतेच्या वरचं तापमान आणि रत्नागिरीच्या वरचं तापमान जवळपास सारखंच असतं. तिथे तीनशे किलोमीटर म्हणजे शेजार. के. आर. रामनाथन यांनी १९२९ साली, आग्र्याच्या फुग्यांच्या नोंदींचा आधार घेत, विषुववृत्ताच्या वरची हवा सतरा किलोमीटरच्या आसपास ध्रुवांवरच्या हवेपेक्षा थंड असते हे दाखवलं. आज पिधानाचे छेद तेच चित्र रोज, सगळ्या पृथ्वीभोवती काढतात आणि त्या थंड पट्ट्याची उंची अचूक सांगतात. इथे साक्ष पक्की आहे.

आता तळाशी या. २६ जुलै २००५. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. दोन्ही वेधशाळा एकाच शहरात. तळाच्या हवेसाठी तीनशे किलोमीटर तर सोडाच, पश्चिम रेल्वेची दहा-बारा स्टेशनंही दूरची आहेत. त्या दिवशी बोरीवली-दहिसरमध्ये घराघरांत पाणी शिरलं, माणसं रात्रभर रुळांवरून चालत घरी आली. तेव्हा आकाशात चॅम्प नावाचा जर्मन उपग्रह पिधानाचे छेद घेत होता, सगळ्या पृथ्वीवर मिळून दिवसाला दोनशेच्या आसपास. आणि मुंबईवरचा छेद मिळाला असताच, तरी लहर आडवी दोन-तीनशे किलोमीटर हवेतून जाते आणि तेवढ्याची सरासरी सांगते. उभ्या दिशेला मात्र ती शंभर-दोनशे मीटरचा थरही वेगळा दाखवते. उभं बारीक आणि आडवं ढोबळ: हे तिचं दोषस्थान म्हणून लिहू नका, तिचा स्वभाव म्हणून लिहा. मूल्यमापन करणाऱ्याने आधी स्वभाव ओळखावा.

तळाशी आणखी एक अडचण आहे आणि ती या समुद्राचीच आहे. समोरच्या पाण्याकडे पाहा. पावसाळ्याआधीच्या दिवसांत पाण्यालगत दमट हवेचा थर असतो आणि त्याच्यावर अरबस्तानाकडून आलेली उष्ण, कोरडी हवा येऊन बसते. दोहोंची सीमा इतकी तीव्र की तिथे लहर पृथ्वीच्या गोलाईपेक्षाही जास्त वाकते आणि थरात अडकते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या एका रडारला अशाच हंगामात हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानाचे पडसाद ऐकू आले होते. रडारशास्त्राच्या पुस्तकांत ही नोंद आजही वाचायला मिळते. लहर थरात सापडून, समुद्राला चिकटून तिथवर गेली आणि परत आली. पिधानाच्या लहरीला असा थर लागला की गणिताची गोलाकार थरांची वाट मोडते, आणि उत्तर येतं ते खऱ्यापेक्षा कमी. दमटपणा आहे त्याहून कमी दिसतो. आपण श्वास घेतो तोच, पाऊस ज्याच्यातून भरून येतो तोच थर या उपकरणाला सर्वांत अवघड.

एक प्रश्न अजून उरतो. फुगाही चुकतो, पिधानही चुकतं, तर निवाडा कोण करणार? तिसरा घ्यावा लागतो: संगणकावरचं हवामानाचं गणित. तिघांच्या आपसातल्या फरकांवरून प्रत्येकाची स्वतःची चूक काढता येते, पण एका अटीवर, की तिघांच्या चुका एकमेकींत मिसळलेल्या नसाव्यात. आणि नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला पूर्वानुमान केंद्रासारखी केंद्रं फुग्याचे आणि पिधानाचे आकडे आपल्या गणितात आधीच घेतात. ज्या उपकरणाची परीक्षा चालू आहे त्याचंच मत परीक्षकाच्या मनात आधीपासून बसलेलं असतं. म्हणून सावध माणसं तुलनेआधी त्या उपकरणाचे आकडे बाजूला काढून गणित पुन्हा मांडतात. याला वेळ लागतो, आणि तो द्यावा.

आंध्रातल्या गादंकीच्या राष्ट्रीय वातावरणीय संशोधन प्रयोगशाळेत कॉस्मिकच्या छेदांची तुलना तिथून सोडलेल्या फुग्यांशी केली गेली. अशा अहवालांत तक्ते असतात, उंचीनुसार सरासरी फरक आणि त्याभोवतीचा पसारा. सरासरी फरक म्हणजे उपकरणाची कायमची ओढ. पसारा म्हणजे त्याची रोजची चंचलता. पहिली समजली तर वजा करता येते. दुसरी हजारो मोजमापांत विरते. तक्ता वाचताना एका आकड्यावर बोट ठेवून ‘उपकरण चांगलं’ म्हणू नका. बोट उंचीवरून खाली सरकवत न्या आणि कुठे फरक वाढू लागतो तिथे थांबा.

डोळे उघडा. अंधार झाला असेल. शेवटच्या बोटीची वेळ विचारून ठेवली असेल तर बरं.

माझा निवाडा असा. आठ ते तीस किलोमीटरच्या पट्ट्यात जीपीएसच्या लहरींनी घेतलेल्या तापमानाला मी फुग्याइतकाच, कधी फुग्याहून जास्त मान देईन, आणि हवामानबदलाच्या दीर्घ नोंदींसाठी त्याच्याइतकं भरवशाचं फार थोडं आहे. कोकण किनाऱ्यावरच्या खालच्या दोन किलोमीटरांसाठी, जून ते सप्टेंबर, फुगा, रडार आणि पर्जन्यमापकं पुढे, पिधान मागे. जून २०१९ मध्ये गेलेले कॉस्मिक-२ चे सहा उपग्रह याच उष्ण पट्ट्यावर फिरतात, दिवसाला चार-पाच हजारांच्या घरात छेद देतात, तळापर्यंत पूर्वीपेक्षा चांगले उतरतात. तरी तळाची ओढ पूर्ण गेलेली नाही.

म्हणून दोन मागण्या आहेत. अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी सांताक्रूझहून दुपारीही एक फुगा सुटावा. आणि पुढे जे कुठलं नवं उपकरण आपल्या उपग्रहावर बसेल, त्याच्या मूल्यमापनाच्या अहवालात किनाऱ्यावरचे खालचे दोन किलोमीटर सरासरीत न बुडवता वेगळे लिहावेत, आणि ते पान पहिलं असावं.